रिकामा तास कशाला हवा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या सुटीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात घोळत राहिला. 'एकही तास रिकामा जाऊ देऊ नका' म्हणे! सकाळी अबॅकस, दुपारी कोडिंग, संध्याकाळी ट्यूशन. मग पोराने स्वतःचा विचार करायचा कधी?

माझी नात सहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात ती शेताच्या बांधावरून चालत शाळेला जायची. बांधाला लाजाळू माजलेली. एकदा रिमझिम पावसात ती तिथेच थांबली. थेंब पडला की पानं जोडीजोडीने मिटायची, देठ खाली झुकायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा वर यायचा. शाळेत जाऊन तिने विचारलं, "दिवसभर पाऊस असला तर लाजाळू मिटूनच राहते काय? मग ती अन्न कधी तयार करते?" उत्तर मिळालं नाही. उशीर झाला म्हणून तासभर वर्गाबाहेर उभं केलं आणि डायरीत शेरा दिला, 'मुलगी आपल्याच तंद्रीत असते.' तो वाचून सुनेने दुसऱ्याच दिवशी व्हॅन लावली. आता दारातून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून वर्गात. त्यानंतर तिने मला एकही असा प्रश्न विचारलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जगदीशचंद्र बोस यांनी याच लाजाळूवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. स्पर्शाचा निरोप तिच्या देठातून विजेच्या रूपाने जातो, हे त्यांनी यंत्रं बनवून मोजलं. डार्विनने तर इंग्लंडमधल्या आपल्या घराजवळ खास पायवाट करून घेतली होती आणि तिच्यावर रोज फेऱ्या मारत तो विचार करायचा.

क्लास वाईट, असं मी म्हणत नाही. शिक्षकांना सगळं यायलाच हवं, असंही नाही. 'मला माहीत नाही, मधल्या सुटीत जाऊन बघूया' एवढं म्हटलं असतं तरी पोरगी हरखून गेली असती. मलप्रभा आमच्या तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, आणि सहल जाते वॉटर पार्कला!

आणखी एक. मुलांनी चालावं म्हटलं तरी चालायचं कुठून? आमच्या गल्लीपासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेला बांधकामाची वाळू आणि आडव्या लावलेल्या दुचाक्या. मुलं भर रस्त्यातून चालतात. शाळा सुरू व्हायच्या आत संबंधितांनी ते ढिगारे उचलावेत, एवढं तरी कृपया ठळक छापा.

आपली,
एक आजी, खानापूर