शॉट हातातून सुटण्याआधीच ठरलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगविषयी क्रीडापानात काही छापून आले की एक तक्रार हमखास असते: हल्ली जो तो लांबून थ्री (रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) फेकत सुटला आहे, अंगावर घेऊन रिंगपर्यंत जायची कुणाची तयारीच नाही. खापर कधी थ्रीचा बादशहा स्टीफन करीच्या डोक्यावर फुटते, कधी संगणकाच्या. ज्याच्या डोक्यावर फुटायला हवे तो साइडलाइनला उभा असतो. शॉट कुणी, कुठून आणि एका चालीला मिळणाऱ्या २४ पैकी कितव्या सेकंदाला घ्यायचा, हे बरेचसे प्रशिक्षकाच्या आखणीतून ठरते. खेळाडू फक्त मनगट वळवतो म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. मधल्या पल्ल्याचा दोन गुणांचा शॉट ४० टक्के वेळा पडत असेल, तर एका प्रयत्नामागे ०.८ गुण. थ्री ३६ टक्के पडला तर १.०८. रिंगखालून ६५ टक्के पडला तर १.३. आणि फाऊल मिळून ७८ टक्केवाला खेळाडू एकेका गुणाच्या, कुणी न अडवता मारायच्या दोन फ्री थ्रोंना उभा राहिला तर १.५६. म्हणजे पहिली पसंती रिंगखालची आणि फाऊलची, दुसरी थ्रीची, मधला शॉट शेवटी. थ्रीला पहिले स्थान या हिशेबात कुठेच नाही. तो मिळतो तो बहुधा कुणीतरी रिंगकडे घुसल्यामुळे, हे तक्रार करणारे विसरतात.

थ्रीची रेषा काही नवी नाही. ती १९७९-८० च्या मोसमात आली आणि त्या मोसमात एक संघ सामन्यामागे सरासरी तीनसुद्धा थ्री मारत नसे. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ३७ च्या पुढे गेली. मध्ये १९९४ ते १९९७ असे तीन मोसम रेषा सगळीकडून २२ फुटांवर आणली होती, नंतर पुन्हा मागे नेली. रिंग तेव्हाही १० फूट उंचीवर होती, आजही आहे. बदलली ती परवानगी. पूर्वी थ्री म्हणजे पिछाडीवरच्या संघाचा शेवटच्या मिनिटातला जुगार. १९८७ मध्ये न्यू यॉर्क निक्सकडे आलेल्या रिक पिटिनोसारखा एखादाच प्रशिक्षक तो राजरोस मारू द्यायचा.

परवानगीने काय होते ते ब्रूक लोपेझकडे पाहून कळते. सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याने ३१ थ्री मारले, पडले ३. मग २०१६-१७ मध्ये ब्रुकलिनला केनी ॲटकिन्सन प्रशिक्षक झाले आणि त्या एकाच मोसमात याचे १३४ थ्री पडले. दोन वर्षांनी मिलवॉकीत माइक बुडनहोल्झरच्या हाताखाली १८७. बुडनहोल्झरने सरावाच्या कोर्टावर थ्रीच्या रेषेबाहेर टेपने पाच चौकोन आखून ठेवले होते: चेंडू आपल्याकडे आला की पाच जणांनी ते भरायचे, बस. लोपेझ बाहेर उभा राहिला की त्याच्यावरच्या उंच बचावपटूलाही बाहेर यावे लागे, आणि त्याचा सहकारी यानिसला रिंगपर्यंतचा रस्ता मोकळा सापडे. लोपेझचा थ्री पडला नाही तरी त्याचे तिथे उभे राहणे कामाला आले होते. आकडेवारीच्या तक्त्यात मात्र हे काम कुठेच दिसत नाही.

कॉर्नरचा थ्री जरा जवळून पाहू. समोरून रेषा २३ फूट ९ इंचांवर आहे, कॉर्नरमध्ये फक्त २२ फुटांवर. पण कोर्ट ५० फूट रुंद, म्हणजे रेषा आणि साइडलाइन यांच्यात उरतात जेमतेम ३ फूट. एवढ्या पट्टीत मोठ्या पायांचा माणूस बसवायचा. टाच मागे साइडलाइनवर टेकली तर चेंडू प्रतिस्पर्ध्याचा. बूट पुढे रेषेवर पडला तर तोच शॉट दोन गुणांचा, आणि २२ फुटांवरून दोन गुण हा कोर्टावरचा सर्वांत तोट्याचा सौदा. म्हणून तिथे उभा राहणारा पाय आधीच लावून ठेवतो, गुडघे थोडे वाकवलेले, हात छातीपुढे तयार. सहकारी बेसलाइनने (रिंगमागच्या हद्दीच्या रेषेलगत) घुसला तर पलीकडच्या कॉर्नरमधल्याने बेसलाइनकडे सरकायचे, म्हणजे पास बोर्डाखालून सरळ पोचतो. पास छातीच्या उंचीला आला तर शॉट एका लयीत सुटतो. गुडघ्यापाशी आला तर वाकून उचलण्यात अर्धा सेकंद जातो, आणि रिंगखाली मदतीला गेलेला बचावपटू तेवढ्यात हात वर करून अंगावर येतो. असा शॉट हुकला की प्रेक्षक नेमबाजाला शिव्या घालतात. चूक पास देणाऱ्याची असते, आणि पासाची उंची सरावात घोटून घेतली नसेल तर प्रशिक्षकाची.

सॅन अँटोनिओत ग्रेग पॉपोविचने रुळवलेला अर्ध्या सेकंदाचा नियमही याच जातीचा. चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचे: शॉट, पास की ड्राइव्ह (रिंगकडे मुसंडी). थबकून ड्रिबल करत राहिले की बचाव पुन्हा जागेवर येतो आणि मिळालेली फट बुजते. करीच्या गोल्डन स्टेट संघाला २०१४ मध्ये आलेल्या स्टीव्ह करने सामन्यामागे ३०० पासांचे लक्ष्य ठेवले होते. करीच्या २०१५-१६ मधल्या ४०२ थ्रींमागे त्याचे मनगट आहेच, पण त्याच्यासाठी स्क्रीन लावत (बचावपटूची वाट अडवत) फिरणारे चार जणही आहेत, आणि ते फिरणे शिकवावे लागते.

सांगून कुणी सवय बदलत नाही, म्हणून प्रशिक्षक सरावातला गुणफलकच बदलतात. ड्रिबल करून मारलेला मधला शॉट पडला तरी शून्य, रिंगखालचा दुप्पट, असे काहीतरी. व्हिडिओ दाखवताना पडलेला वाईट शॉटही थांबवून दाखवायचा, आणि हुकलेल्या चांगल्या शॉटबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हे न पाळणारा प्रशिक्षक खेळाडूंना निकाल बघून नेम बदलायला शिकवतो. दोन हुकले की तिसरा मोकळा शॉटही पोरगा सोडून देतो.

घड्याळाचाही भाग आहे. क्वार्टर संपायला साधारण ३५ सेकंद असताना घाईने मारलेला शॉट टीव्हीवर अविचारी दिसतो. तो ३० सेकंद उरायच्या आत सुटला, तर समोरच्याने पूर्ण २४ सेकंद खाल्ले तरी शेवटचा चेंडू पुन्हा आपलाच. दोन संधी विरुद्ध एक, यासाठी थोडा कमअस्सल शॉटही चालतो. उलट क्वार्टरच्या शेवटी अर्ध्या कोर्टाबाहेरून चेंडू भिरकावायला खेळाडू कचरत, कारण हुकला की टक्केवारी घसरते. २०२५-२६ पासून लीगने पहिल्या तीन क्वार्टरांत शेवटच्या ३ सेकंदांत ३६ फुटांपलीकडून, कोर्टाच्या मागच्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीत मारलेला असा प्रयत्न खेळाडूच्या नव्हे, संघाच्या नावे मोजायला घेतला. जे प्रशिक्षकांच्या विनवण्यांनी झाले नव्हते, ते हिशेबाच्या एका रकान्याने साधले.

आता प्रशिक्षकांच्या चुकीकडे. ह्यूस्टनने माइक डीॲन्टोनीखाली २०१७-१८ मध्ये दोन गुणांच्या शॉटपेक्षा थ्री जास्त मारले. असा हा पहिलाच संघ. ६५ सामने जिंकले. मग वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात ४४ पैकी ७ पडले, मध्ये सलग २७ हुकले. त्यांचा प्रमुख खेळाडू ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर होता, हे खरे. पण मोजक्याच खेळाडूंवर खेळणाऱ्या संघाचे पाय थकतात. लांबचा शॉट पायांतून येतो. पाय गेले की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो. शिवाय लांबून हुकलेला चेंडू लांब उडतो आणि तिथूनच समोरच्याची धाव सुरू होते. बॉस्टनने प्रशिक्षक जो माझुला यांच्या हाताखाली २०२४ चे विजेतेपद असेच थ्रींवर मिळवले, आणि पुढच्याच वर्षी निक्सविरुद्ध २० गुणांची आघाडी घेऊन सामना घालवला: ६० पैकी ४५ थ्री हुकले.

अशा वेळी 'शॉट चांगलेच होते, पडले नाहीत' हे उत्तर मला अर्धेच पटते. सरासरी हिशेब अख्ख्या मोसमाच्या ८२ सामन्यांसाठी बरोबर असतो. २० गुणांनी पुढे असताना चढउतार कमी करणे फायद्याचे: घड्याळ खायचे, घुसायचे, फाऊल काढायचे. आणि समोरचा सेंटर रिंगपाशी मागे थांबून मुद्दाम मधला शॉट देत असेल, तर केव्हिन ड्युरंट किंवा कवाय लेनर्डसारख्याने तो घ्यावाच. त्यांच्यासाठी तो ४० टक्क्यांचा शॉट नसतो. सरसकट बंदी घालणारा प्रशिक्षक प्लेऑफमध्ये आपलीच एक खिडकी बंद करून बसतो.

आपल्याकडे विनंती एकच. निकालाच्या चौकटीत फक्त अंतिम गुण आणि सर्वाधिक गुण करणाऱ्याचे नाव असते. थ्री किती मारले, किती पडले आणि फ्री थ्रो किती मिळाले, एवढे आकडे जोडायला एक ओळ पुरेल. ५ मे २०२५ चा तो सामना नुसता १०८-१०५ असा छापला तर चुरशीचा वाटतो. शेजारी '६० पैकी १५' दिसले की वाचकाला सामना दिसू लागतो.

कळावे,
आपला एक वाचक