प्लास्टिकचा जार आणि स्त्रीबीज

संपादक महोदय,

आहार आणि वंध्यत्वावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगला होता पण सगळा भर बदाम-अंजिरावर, अन्न ज्या डब्यात असतं त्याबद्दल एक ओळ नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला संशोधक पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमध्ये काय झालं, तर कुणीतरी उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचे, पिंजरे चुकून फरशीच्या कडक साबणाने धुतले, प्लास्टिक खराब झालं, त्यातून बिस्फेनॉल ए म्हणजे बीपीए हे प्लास्टिक बनवायचं केमिकल सुटलं आणि उंदरांच्या स्त्रीबीजांत गुणसूत्रं नीट रांगेत न लागण्याचं (म्हणजे बीज सदोष होण्याचा धोका) प्रमाण १-२ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर! पुढे त्यांच्याच टीमला दिसलं की उंदरांचं खाद्य बदललं की बीपीएचा परिणामही बदलतो, म्हणजे आहार आणि केमिकल वेगळं काढताच येत नाही. आता उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नये हे मान्य, पण मुलीची स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, मग गरोदरपणात तरी काळजी नको का?

युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस अन्नाच्या डब्याबाटल्यांत बीपीएवर बंदी आणली. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांपुरता नियम आहे, पण ऑफिसातले पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार? त्यातले बरेच पॉलिकार्बोनेटचेच, टेम्पोत भर उन्हात तापतात, घासून घासून पांढरे पडले तरी फिरतायत. जार किती जुना झाला की बाद करायचा हे कोण बघतं, यावर तुमच्या वार्ताहराने जरा विचारपूस करावी.

- एक वाचक, सातारा