ओटीपोटदुखीला एकच डॉक्टर पुरेसा नाही

स्त्रियांच्या ओटीपोटातील जुनाट वेदनांवरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय छापल्याबद्दल आभार. मात्र गर्भाशय काढणे हाच अखेरचा उपाय, हा त्यातील सूर पटला नाही. ६ महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या या दुखण्याचे मूळ गर्भाशयातच असते असे नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे), मूत्राशयाचे वा आतड्यांचे विकार, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू यांपैकी दोन-तीन कारणे एकाच स्त्रीत असू शकतात. शिवाय दीर्घकाळ दुखत राहिल्याने मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही काहींच्या वेदना उरतात.

आज प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या अवयवापुरते पाहतो आणि सोनोग्राफीत काही आढळले नाही की ‘मनाचे खेळ’ म्हणून त्या स्त्रीची बोळवण होते. हे क्रूर आहे, कारण एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही आणि निदानालाच कित्येक वर्षे जातात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, वेदनातज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट व समुपदेशक यांनी एकत्र बसून एकच उपचार-आराखडा ठरवावा, तोही तिला विचारून. समुपदेशक हवा तो वेदना खोटी म्हणून नव्हे, तर खऱ्या वेदनेने तिची झोप, काम आणि सहजीवन हिरावले जाते म्हणून.

– एक वाचक