मनू, तुझा ड्राफ्ट वाचला

मनू,

पायवाटांची निगा राखणाऱ्या तुमच्या संस्थेच्या न्यूजलेटरचा तुझा ड्राफ्ट दोनदा वाचला आणि फोनवर नुसतं "छान आहे" म्हणालो, त्यावरून तू ओळखलंच असशील की बाबाच्या पोटात अजून काहीतरी आहे. आहेच. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच तोडतेस (तोडतेसच, नाही म्हणू नकोस), म्हणून लिहायला बसलो.

भाषा मस्त जमलीये, माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस. पण पहिल्याच पॅराग्राफमधे "सर्वांसाठी सोपी पायवाट" असं लिहिलंयस ना, तिथेच मी अडकलो. सोपी कोणाला गं? तुला सोपी असेल. शेवटच्या टप्प्यात सलग दगडी पायऱ्या आहेत, बाजूला धरायला काही नाही, माझे गुडघे तिथे रडतात. व्हीलचेअरवर येणारा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई, नुकतंच ऑपरेशन झालेला कोणी, यांना तुझं विशेषण काय कामाचं? अंतर किती, चढ किती, वाट किती रुंद, पायाखाली माती का खडी का पायऱ्या, एवढं लिही. सोपी का अवघड ते ज्याचं तो ठरवेल.

तुला एमा गेटवुडची गोष्ट सांगितलीये का मी? ६७ वर्षांची बाई, १९५५ साली एकटीने सबंध अ‍ॅपलाचियन ट्रेल चालली, साधे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. अमेरिकेतल्या १४ राज्यांमधून जाणारी साधारण ३,५०० किलोमीटरची वाट आहे ती. या वाटेबद्दल तिने नॅशनल जिऑग्रफिकमधे वाचलं होतं आणि लेखात सगळं कसं छान, निगा राखलेलं, चालायला आरामाचं असं चित्र होतं. प्रत्यक्षात झाडं आडवी पडलेली, खुणा गायब, गवत माजलेलं. पहिल्या वेळी, १९५४ मधे, ती वाट चुकली, चष्मा फुटला आणि परत फिरावं लागलं. दुसऱ्या वेळी पूर्ण केली आणि मग वार्ताहरांना न लाजता सांगितलं की वाटेची अवस्था वाईट आहे, कळलं असतं तर निघालेच नसते. मला विचारशील तर त्या ट्रेलसाठी त्या काळात सगळ्यात उपयोगी पब्लिसिटी या म्हातारीनेच केली, कारण तिने जे बघितलं ते सांगितलं. लेख वाचून लोकांना वाट आवडली असेल, तिचं ऐकून वाटेकडे लक्ष गेलं.

आता माझी गोष्ट, जी तुला पूर्ण माहीत नाहीये, कारण मी कधी धड सांगितलीच नाही. आमच्या ग्रुपचं पत्रक मी काढायचो तेव्हा एका पावसात ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला. मी लगेच नोटीस लिहिली, चांगली सविस्तर लिहिली, पूल कधी बांधला, कोणी बांधला, आता आपल्या सगळ्यांना किती वाईट वाटतंय वगैरे. "वाट बंद आहे" हे वाक्य चौथ्या पॅराग्राफमधे आलं. आणि वाट जिथे सुरू होते तिथल्या बोर्डवर जुनाच नकाशा तसाच राहिला, तो बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण माझ्या मते माझं काम लिहिण्याचं होतं, बोर्ड म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी. दोन लहान मुलं घेऊन एक कुटुंब त्या ओढ्यापर्यंत पोचलं, अंधार पडत आला होता, परत फिरायला उशीर झालेला, तरी वडील पाण्यात उतरले. सगळे सुखरूप आले, पण ते माझ्यामुळे नाही. आमचा एक व्हॉलंटियर करवत आणायला परत गेला होता आणि त्याला हाका ऐकू आल्या, एवढंच.

म्हणून सांगतो, बंदची सूचना लिहिताना पहिल्या ओळीत काय बंद, कुठून कुठपर्यंत, आणि दुसऱ्या ओळीत पर्यायी वाट कुठली किंवा नाहीच. तारीख घाल, म्हणजे शेवटचं कोणी जाऊन बघितलं ती तारीख. कारण वगैरे नंतर. आणि पोस्ट टाकून झालं की संपलं नाही, बोर्ड, वेबसाइटचं जुनं पान, तो छापील नकाशा, सगळीकडे एकच गोष्ट दिसायला हवी. वाटेवर नेटवर्क नसतं गं, तिथे तुझं इन्स्टाग्राम म्हणजे तो लाकडी बोर्डच.

"येऊ नका" असं सांगायला जीवावर येतं हे मला कळतं. मोठ्या संस्थांनाही ते करावं लागलंय. अ‍ॅपलाचियन ट्रेलवाल्यांनी मार्च २०२० मधे लांब पल्ल्याच्या ट्रेकर्सना वाट सोडून घरी जायला सांगितलं, काही जण वर्षभर तयारी करून निघालेले असणार. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानंतर दक्षिणेकडच्या मोठ्या पट्ट्यात जाऊ नका म्हणाले. शिव्याही खाल्ल्या असतील. तुलाही कमेंटमधे खायला लागतील, तेव्हा भांडू नकोस, माहिती दे आणि पुढे जा.

तुझ्या बोर्ड मीटिंगमधे फॉलोअर्स किती वाढले हेच विचारतात म्हणालीस. विचारू देत, सांग आकडा. पण सोबत दुसरा पण सांगत जा, या महिन्यात कामाला नवीन किती जण आले आणि त्यातले किती दुसऱ्यांदा आले. दुसऱ्यांदा येणारा माणूस रीलने येत नाही, पहिल्या दिवशी त्याला कोणी नावाने हाक मारली का, हातात काम दिलं का, का नुसता उभा राहिला, यावर येतो. नंतर आभाराचा मेल पाठवतेस ना तो सगळ्यांना एकच नको. "तुम्ही उतारावर जो चर खणलात त्यातून काल पाणी बरोबर बाजूला गेलं" असं लिहून फोटो जोड, आणि मग बघ. प्रत्येकाचे तासही लिहून ठेवायला लाव, ग्रँटचा अर्ज भरताना आठवणीने तास काढत बसण्यासारखा वैताग नाही.

त्या धबधब्याच्या फोटोवर लोकेशन टॅग करायचं का विचारलंस. मी नाही करणार. लोक येऊ नयेत म्हणून नाही, तिथे वाट काठाला लागूनच आहे आणि गर्दी झाली की सगळे बाजूने चालतात, एकाच्या तीन वाटा होतात आणि माती ओढ्यात जाते. पार्किंग आणि मजबूत वाट असलेल्या जागा खुशाल टॅग कर.

जमीनमालकांचं मात्र इमेलवर सोडू नकोस. एकाने गेट लावलं की सगळी वाट तिथेच तुटते. वर्षातून दोनदा तरी त्यांच्या दारात जा, आणि काही मागायचं नसेल तेव्हाही जा. आउटरीच म्हणतात ना तुमच्याकडे, त्यातलं निम्मं काम हेच आहे, आणि त्याचा फोटो कधीच निघत नाही.

एक मजा सांगतो. अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅकाय नावाच्या माणसाने १९२१ मधे एका लेखात मांडली, त्या लेखातून सगळं सुरू झालं. पण वाट खरी उभी राहिली १९३७ मधे, आणि त्यात मायरन एव्हरी म्हणून एक वकील होता जो मोजणीचं चाक ढकलत ढकलत सगळी वाट मोजत फिरायचा. दोघांचं पुढे इतकं बिनसलं की मॅकाय बाजूलाच झाला. मी आयुष्यभर स्वतःला मॅकाय समजत आलो आणि चाक ढकलणाऱ्यांना जरा कमी लेखत आलो, पूल वाहून गेला त्या वर्षापर्यंत. तू आत्ताच तुमच्या वाट दुरुस्त करणाऱ्या टीमच्या प्रमुखाशी मैत्री कर. काहीही पाठवायच्या आधी त्याला एक फोन, "हे खरं आहे का अजून?" एवढाच प्रश्न.

ड्राफ्टमधला तिसरा पॅराग्राफ, तो रात्री कंदिलांसारखे दिसणारे हेडलॅम्प, त्याला हात लावू नकोस, फार आवडला.

शनिवारी तुमच्या कामाला मी येतोय, फॉर्म भरलाय, वेटिंग लिस्टवर तिसरा आहे, वशिला लावू नकोस. नंबर लागला तर त्या पायऱ्या मोजू आपण, कारण मी बासष्ट म्हणतोय पण माझा मोजण्यावर आता भरवसा नाही. ग्लोव्ह्ज तुझे तू आण, मागच्या वेळी माझे नेलेस ते अजून आले नाहीयेत.

बाबा