चार इशारे, एकच वाक्य : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमापासून फार लांब नसलेल्या एका गावात राहतो. तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवले. आता दीड एकर ऊस आणि दोन म्हशी एवढ्यावर घर चालते. आपल्या वेळेची मला कल्पना आहे, म्हणून थेट विषयावर येतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोबाइलवर चार वेळा पुराचा इशारा आला आणि चारही वेळा मजकूर एकच होता : नदीच्या पातळीत वाढ होण्याची शक्यता असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. पहिल्या तिन्ही वेळा आम्ही ब्याऐंशी वर्षांच्या आईला खाटेसकट ट्रॉलीत घालून शाळेत नेले, म्हशी माळावर नेऊन बांधल्या, धान्याची पोती माळ्यावर चढवली. तिन्ही वेळा पाणी मळीच्या रानापर्यंत येऊन माघारी गेले. चौथा इशारा आला तेव्हा आई म्हणाली, “आता मला हलवू नकोस बाबा, माझी हाडं खिळखिळी झाली.” इशाऱ्यातला एक शब्दही बदललेला नव्हता, म्हणून मी तिचे ऐकले. रात्री अडीच वाजता पाणी सोप्यात शिरले. वीज गेलेली होती. अंधारात, गुडघाभर पाण्यात आईला उचलून उंबरा ओलांडताना माझा पाय घसरला आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती आजही अंथरुणाला खिळलेली आहे. कूस बदलताना ती ओरडते, तेव्हा मला ते वाक्य आठवते.

साहेब, त्या चार इशाऱ्यांमागचा धोका एकसारखा नव्हता. पहिल्या वेळी पाणी गावात येण्याची शक्यता कदाचित दहात एक असेल आणि चौथ्या वेळी दहात नऊ. हा फरक संगणकाला काढता येतो, किंबहुना असा अंदाज करण्यामागचा हेतूच तो आहे. एकाच पावसाचे थोडे थोडे वेगळे अंदाज घेऊन तेच गणित पन्नास वेळा करायचे आणि त्यांतल्या किती वेळा पाणी अमुक खुणेच्या वर गेले ते मोजायचे, एवढी साधी त्यामागची कल्पना आहे. मी वर्गात मुलांना संभाव्यता शिकवत होतो. ती समजण्याची कुवत गावात नाही, असे कोणी समजू नये.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले होते. पावसाळ्यात ७२ तास आधी, गावनिहाय आणि गल्लीनिहाय, किती फूट पाणी येईल ते कळेल, असे त्यांनी सांगितले. मी ते वाक्य तारखेसह वहीत टिपून ठेवले आहे. ७२ तास तर सोडाच, आम्हाला अडीच तासही मिळाले नाहीत.

आता माझ्या भिंतीबद्दल सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. सोप्याच्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांच्या खुणा मी खिळ्याने कोरून ठेवल्या आहेत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी २०१९ साली ५५ फूट ७ इंच झाली होती आणि २०२१ साली ५६ फूट ३ इंच, म्हणजे दुसऱ्या वेळी आठ इंच जास्त. माझ्या भिंतीवर मात्र २०२१ ची खूण २०१९ च्या खुणेपेक्षा तीन वीत खाली आहे. याचे कारण नदीकाठच्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक आहे. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढली होती, २०२१ साली ती दोन-अडीच फुटांनी कमी होती. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि आमच्या घरात शिरतो. आमचे पाणी दोन नद्या मिळून ठरवतात आणि आम्हाला मात्र एका बंधाऱ्याचा एक आकडा कळवला जातो. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे कोल्हापूरसाठी योग्यच आहेत. माझ्या उंबऱ्याशी त्यांचा संबंध काय, हे आजवर कोणी लिहून दिलेले नाही.

हा संबंध यंत्राला शिकवता येतो. पाऊस किती पडला, त्यातला किती मुरला, किती वाहिला, नदीच्या पात्रातून तो कोणत्या वेगाने पुढे गेला, याची समीकरणे मांडणारी प्रारूपे जुनी आहेत. त्यांच्या जोडीला आता यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) आले आहे. ते मागच्या अनेक वर्षांचा पाऊस, विसर्ग आणि पातळ्या पाहून त्यांच्यातले नाते स्वतः शोधते, आणि जुलैभर भिजून तुडुंब झालेल्या जमिनीवर ऑगस्टचा पाऊस पडला की तो थेट नदीत येतो, हेही लक्षात ठेवते. गूगलने २०१८ साली केंद्रीय जल आयोगाच्या सहकार्याने पाटण्यापासून पुराच्या इशाऱ्यांचे काम सुरू केले. त्यांच्या संशोधकांनी २०२४ साली, जिथे मोजणी केंद्रेच नाहीत अशा खोऱ्यांतही पाच दिवस आधी उपयोगी अंदाज देता येतो, असे दाखवून दिले. आमच्या खोऱ्यात तर धरणे आहेत, बंधारे आहेत, रोजच्या नोंदी आहेत. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी पूर्ण पातळीला आले की आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. तिथे कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ते कधी उघडतील याचे गणित आदल्या दिवशी मांडता येते.

यंत्र चुकेल, हेही मला मान्य आहे. जो पूर त्याने कधी पाहिलाच नाही, २०१९ सारखा, तिथे ते कमी अंदाज देण्याची भीती असते. कोयना धरणाचे दरवाजे किती फूट उचलणार, हे माणसे ठरवतात आणि तो निर्णय यंत्राला वेळेवर कळवला नाही, तर तेही आंधळेच राहते. म्हणूनच त्याची चूक झाकून न ठेवता सर्वांसमोर मांडली पाहिजे.

माझी पुतणी पुण्यात संगणक अभियंता आहे. तिने वर्तमानपत्रांतून मिळालेल्या रोजच्या पातळ्या आणि माझ्या खुणा घेऊन सुटीत एक छोटे प्रारूप तयार केले. दिवसाला एक आकडा पुरत नाही, तासातासाच्या नोंदी लागतात, म्हणून मी संबंधित कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले : मागितलेली माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही. ज्या पाण्याने माझ्या आईचे हाड मोडले, त्या पाण्याची उंची मला पाहता येत नाही, मंत्रिमहोदय. ती नोंद आमच्या करातून बसवलेल्या यंत्राने केलेली आहे.

२०१६ साली केंद्राने राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पासाठी सुमारे ३,६८० कोटी रुपये मंजूर केले, ते पाण्याची माहिती गोळा व्हावी आणि लोकांपर्यंत पोहोचावी म्हणूनच. इतके कोटी वरून निघाले, आणि आमच्या गावापर्यंत पोहोचले ते एक वाक्य, तेही चार वेळा तेच. पाऊस एका खात्याकडे, धरण दुसऱ्याकडे, नदीची पातळी तिसऱ्याकडे, इशारा देणे चौथ्याकडे आणि पंचनामा पाचव्याकडे. खाली अलमट्टीचे पाणी तर दुसऱ्या राज्याकडे. पूर ओसरला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, समित्या बसतात, अहवाल येतात, आणि आम्ही चिखल उपसत बसतो. २००५, २०१९, २०२१ : गेल्या पावसाळ्याआधीही तीन वेळा माझ्या घरातला गाळ मी याच हातांनी काढला आहे. सानुग्रह अनुदानाच्या रांगेत उभे राहणाऱ्याला रांगेतूनच बाहेर काढणारा अंदाज आपण का देत नाही? मदत वाटताना छायाचित्र निघते, न आलेल्या पुराचे छायाचित्र निघत नाही. ही व्यवस्था अशाच हिशेबाने चालत आली आहे, असे मी आता उघडपणे म्हणतो.

माझी मागणी मोठी नाही. इशाऱ्यात शक्यतेचा आकडा द्या आणि तो गावातल्या खुणेला जोडा : शाळेच्या पायरीपर्यंत पाणी येण्याची शक्यता शेकडा सत्तर, मारुतीच्या देवळापर्यंत शेकडा वीस. प्रत्येक पावसाळ्यानंतर काय सांगितले होते आणि काय घडले, याचा गावनिहाय तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तासातासाच्या पातळ्या आणि विसर्ग कोणालाही उतरवून घेता येतील असे खुले करा. संगमाजवळच्या गावांसाठी दोन्ही नद्या एकत्र धरून वेगळे प्रारूप करा. त्यासाठी भिंतींवरच्या खुणा गोळा करायला मी आणि माझे जुने विद्यार्थी तयार आहोत. आमच्या एका गावात अशा एकेचाळीस खुणा मी जोत्यापासून फूटपट्टीने मोजून लिहून ठेवल्या आहेत, आणि तो तक्ता या पत्रासोबत पाठवत आहे.

जूनच्या आत उत्तर मिळावे. आईला यंदा शाळेत हलवायचे असेल, तर ट्रॉली पुरणार नाही, रुग्णवाहिका लागेल, आणि ती कोणत्या दिवशी बोलवायची हे मला तीन दिवस आधी कळायला हवे.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक निवृत्त गणित शिक्षक