तवसाळचा उतार

सोलापूर,
८ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही, त्याला सबब नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझी साखर गोळीवर आटोक्यात आहे, धाकटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. पत्र लिहायला बसलो आहे ते गेल्या रविवारी तवसाळच्या उतारावर जे घडले त्यासाठी. ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही, कारण पसरणी घाटात त्या दिवशी माझ्याबरोबर तूच होतास.

गुहागरला मेहुण्याकडे कार्य होते. सायकल गाडीच्या टपावर बांधून नेली होती. दुसऱ्या दिवशी मंडळी चिपळूणमार्गे रत्नागिरीला निघाली आणि मी सागरी रस्त्याने, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत, जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून दिवेलागणीपर्यंत तिथे पोहोचायचे, असे ठरवून भल्या सकाळी बाहेर पडलो. अंतर सुमारे ९० किलोमीटर. हा मुलूख मी कधी पाहिला नव्हता, आणि समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा माझा समज पहिल्या तासातच गेला. तिथली जमीन म्हणजे जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे सपाट पठार. जिथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते तिथे तो सडा खोल चिरला गेला आहे, आणि गावे वसली आहेत ती त्या खोलगटात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये. त्यामुळे रस्ता प्रत्येक गावाला खाली उतरतो, साकव ओलांडतो आणि लगेच पुन्हा सड्यावर चढतो. पसरणी घाट एकदा चढला की पाचगणी येते. इथे तोच घाट दिवसभर हप्त्याहप्त्याने चढावा लागतो.

चढांचे मला काही वाटले नाही. सड्यावरचे गवत पिवळेधमक झाले होते, कापणी झालेल्या खाचरांत कुळीथ उगवून आला होता, आणि गडग्याला टेकून बसलेले एक आजोबा मला पाहून म्हणाले, "चढाचं काय नाही, उतार जपून हो." हेदवीला मी मुद्दाम बामणघळीपर्यंत गेलो. भरतीला त्या चिंचोळ्या कपारीत शिरलेले पाणी उसळून वर येते. मी गेलो तेव्हा ओहोटी होती आणि तळाशी नुसती खळखळ ऐकू येत होती.

आजोबांचे खरे होते. पालशेतच्या पहिल्याच उतारावर माझ्या लक्षात आले होते की दोन्ही ब्रेक मी वरपासून खालपर्यंत सोडलेलेच नाहीत. खाली थांबून रिमला बोट लावले तर चटका बसला, आणि उजव्या हाताची बोटे उघडायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली. इथे सोलापूरच्या माळावर उतारच नसल्यामुळे इतकी वर्षे हे कळलेच नव्हते. पन्नाशी उलटल्यावर थोडे जपून चालवणे वेगळे आणि ही भीती वेगळी. वेळणेश्वरला तेच, हेदवीला तेच.

तवसाळच्या अलीकडे सडा संपतो, समोर खाडी, पलीकडे जयगड दिसते आणि रस्ता वळणे घेत धक्क्याकडे घसरतो. दुसऱ्या वळणावर एक वासरू आडवे आले. रस्त्याच्या कडेला जांभ्याची बारीक चुरी पसरलेली होती. वेग फार नव्हता, वासरू लांब होते, मागचा ब्रेक हलका लावून सहज थांबता आले असते. पण माझ्या उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला. मागचे चाक उचलले गेले, छाती हँडलवर आली, आणि क्षणभराने चाक खाली आदळले. मी पाय टेकवून उभा राहिलो. वासरू निघून गेले.

मित्रा, त्या क्षणी मला वासरू दिसत नव्हते. दिसत होते पसरणीचे ते वळण, १९९४ सालचे, आणि माझ्या पुढे, चांगला वीस हात पुढे, तू. तू आडवा आलाच नव्हतास. बोटांनी हेच केले होते, अगदी हेच. दवाखान्यात केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून तू मला समजावलेस, की ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते, आणि पुढचा एकदम दाबला तर सायकल त्या चाकावरून उलटते. मी हासळीचे हाड मोडून पडलो होतो आणि तुझ्या आकृतीकडे न बघता आईला सांगितले की हा आडवा आला. आई वर्षभर तुझ्याशी बोलली नाही. त्या दिवाळीच्या अनारशांना तू मुकलास, हे तू माझ्या लग्नाच्या मांडवातही जेवणाच्या पंगतीत ऐकवलेस आणि सगळे हसले; मीही हसलो. पण तेव्हाही खरे बोललो नाही. खरे सांगायचे तर इतक्या वेळा सांगून माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

उरलेला उतार मी सायकल हाताने धरून चाललो. खाली धक्क्यावरून फेरीबोट निघालेली वरूनच दिसली. पुढच्या बोटीची वाट पाहत बसलो. ही शास्त्री नदी, संगमेश्वराला सोनवीला मिळून इथे समुद्राला येते. १६८९ साली संभाजी महाराजांना जिथे पकडले ते हेच संगमेश्वर, हे तुला गडकोटांच्या वेडापायी तोंडपाठ आहे. मला तेवढ्या वेळातही तुझीच बडबड आठवत होती. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, सगळे नुसते ओलांडले. आरे-वारेला सूर्य बुडत होता, खाली दोन्ही बाजूंना समुद्र, असा उतार तू हात सोडून उतरला असतास. मी तोही पायी उतरलो. रत्नागिरीला पोहोचायला अंधार झाला, आणि उशीर का झाला असे विचारल्यावर मी पंक्चर झाल्याचे सांगितले. रात्री झोप आली नाही ती त्या पंक्चरमुळे. इतकी वर्षे गेली तरी पडलो की दुसरे काहीतरी पुढे करायचे, ही सवय तशीच आहे.

काल आईला पसरणीचे खरे सांगितले. तिने निवडत असलेली मेथी खाली ठेवली आणि म्हणाली, "तो तर तेव्हा एक शब्दही बोलला नाही रे." मग बराच वेळ गप्प बसली. का बोलला नाहीस?

आता काळजी वेगळी आहे. जानेवारीत धाकटीला घेऊन रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा उरलेला किनारा करायचे कबूल केले आहे. ती माझ्या मागे असते, मी ब्रेक लावला की लावते, मी सोडला की सोडते. तिच्या हातात माझी ही भीती जावी असे मला वाटत नाही, आणि पुढे राहून ती लपवणे मला जमणार नाही. तिला एकटीला पुढे सोडायचीही माझी छाती नाही. नको म्हणावे, तर कारण काय सांगू? पुन्हा पंक्चर?

तुझ्या बदलीचे काय झाले? पनवेलच्या घराचा ताबा मिळाला का? मोठ्याचे लग्न जमल्याचे कळले, फार आनंद झाला, वहिनींना सांग.

तू ये. पनवेलहून रात्रीच्या गाडीने निघालास तर सकाळी रत्नागिरी; सायकल लगेजच्या डब्यात टाकता येते. तू पुढे राहा, ती मध्ये, मी मागे. तुझा ब्रेक पाहून तीही शिकेल आणि मीही. तारीख तुझ्या सोयीने ठरव. या वेळी फोन उचलतो.

तुझाच