सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते

संपादक महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, मुलांचे दातही बघतं आणि कीड दिसली की तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी देतं. चिठ्ठी घरी पोचली की उत्तर ठरलेलं: ‘बाई, दुधाचे दात हायेत, पडतीलच की!’

पडतील, पण सगळे नाहीत. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ येते. तिला जागा करायला कुठला दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कळतही नाही. पोराला खिडकीच्या उजेडात उभं करून ‘आ कर’ म्हटलं की दिसतं: दाढ अजून अर्धी हिरडीखाली, आणि वरच्या खाचांत बिस्किटाचा लगदा घट्ट बसलेला. हीच दाढ पुढं काळी पडते, ठणकते. मग आई मिश्री लावते, आजी दाढेतले किडे पडावेत म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी देते. दाढेत किडे नसतातच, तर धुरीनं पडणार काय? गोडावर पोसलेले जंतू आम्ल करतात, त्यानं दात पोखरतो. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. ठणका राहतो बाजूला, पोराला चटक मात्र लागायची.

शेवटी दाढ उपटतात. खड्डा लहान असताना भरून घेतला तर ती वाचते. त्याच्याही आधी नुसत्या खाचा सीलंटनं, म्हणजे दाढेवर लावायच्या पातळ लेपानं, बुजवता येतात. त्याला ना सुई लागते, ना ड्रिल.

घरी करायचं ते फार नाही. सकाळी सगळेच दात घासतात, रात्री कुणी नाही, आणि खरी गरज रात्रीच असते. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे (जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विकणाऱ्याच्या सोयीची). मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, तेव्हा खोका वाचून घ्यावा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा.

पण चिठ्ठीचं काय? रोजगार बुडवून, एसटीनं तालुक्याला जायचं आणि ‘आज दातांचे डॉक्टर नाहीत’ ऐकून परतायचं, हे एकदा झालं की पालक पुन्हा जात नाहीत. त्यांना तरी काय बोलणार? आरोग्य विभागानं चिठ्ठीवरच तारीख टाकावी आणि त्या दिवशी गावातली सगळी मुलं एकत्र न्यावीत. पथकाकडे गाडी असते. सोबत शाळेतलं कुणीतरी येईल. मी तर येईनच.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सांगली